पिसं पुढं झुकली तर हो

९ एप्रिल १९९८

झालं! उंदरांनी देवीची पिसं खाल्ली. एक धड राहिलं नाही.

मामांनी आज माळ्यावरून पेटी उतरवली. सोंगांचा उत्सव, बोहाडा, तोंडावर आलाय, मुखवट्याला ऊन दाखवायचं होतं. झाकण उघडलं तर आत नुसत्या काड्या. मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा, सुपाएवढा – त्याला काही झालेलं नाही. लाल तोंड, पांढरे वटारलेले डोळे, सगळं जागच्या जागी. पण मुकुटावरचा मोरपिसांचा पंखा गेला. आणि कवड्यांची पट्टी कुरतडून निम्म्या कवड्या पेटीच्या तळाशी.

मामांनी एक काडी उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "पेटीत निरगुडीचा पाला टाकायला सांगितलेला ना?"

मला! म्हणजे उंदीर खाणार आणि बोलणी सुनेला. अठरा वर्षं झाली या घरात, सासऱ्यांच्या तोंडून "बरं केलंस" असं एकदाही ऐकलेलं नाही. मीही सोडलं नाही. म्हटलं, "मामा, पाला गेल्या साली तुम्हीच काढून फेकलात, वास येतो म्हणून." पेटी उपडी करून झटकायला लागले. हं!

१० एप्रिल

पिसं आणि कवड्या नाशिकहून आणाव्या लागणार. केरू म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, नको, मीच जाते. रोशनीला पण नेते.

(कागदावर नवऱ्याचं नाव घ्यायला काय जातंय! माणसांत "अहो", इथे केरू. केरू केरू केरू.)

नाशिकला मला दुसरंही काम आहे. ते घरात सांगितलेलं नाही.

१३ एप्रिल

सकाळच्या एसटीने गेलो. सावळघाटात रोशनीला उलटी झाली. तोंड पुसलं आणि परत खिडकीशी बसली. अशी आहे माझी लेक!

पंचवटीत कवड्या मिळाल्या. दुकानदार विचारतो, "मावशी, शोकेसला पाहिजेत की पूजेला?" मी म्हटलं, "देवीच्या तोंडाला." बघतच राहिला बिचारा. पिसं घेताना रोशनीने एकेक उलटून पाहिलं, ज्याचा डोळा फाटका ते बाजूला. दुकानदार वैतागला. मला मात्र हसू येत होतं.

मग नर्सिंगच्या शाळेत गेलो. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. रोशनीचे दहावीचे मार्क बघून म्हणाल्या, "गेल्या वर्षीच का नाही आणली?" काय सांगू? गेल्या वर्षी आजोबांनी नाही म्हटलं, म्हणून पोर वर्षभर शेण काढत बसली, हे सांगू? म्हटलं, अडचण होती. बाई म्हणाल्या, जूनमध्ये या, राहायची सोय आहे, फक्त वडिलांना घेऊन या.

व्हरांड्यातून पांढऱ्या कपड्यातल्या मुली जात होत्या. एकीच्या पायात चप्पल तुटकी, तरी ताठ चाललेली. रोशनी त्यांच्याकडे बघत उभी. परत निघालो, पेठनाक्यापर्यंत आलो. मग एकदम म्हणाली, "आई, चिमाजींचा मुलगा तू पाहिलास का गं?"

नाही पाहिला. चिमाजी म्हणजे सुरगाण्याकडचे मामांचे जुने सोबती. बोहाडा झाला की पोराची सुपारी फोडायला येणार आहेत. मामांनी परस्पर शब्द दिलाय. पोर सतराची आहे! मी अंगणवाडीत घसा कोरडा करून बायकांना सांगते, अठराच्या आत नको. आणि माझ्याच घरात!

१५ एप्रिल

रात्री जेवताना विषय काढला. सरळ सांगितलं – नर्सिंगच्या शाळेत जाऊन आले, पोरीला घेतात, जूनला न्यायची.

मामांचा हात भाकरीवर थांबला. "नाशिकला गेलेली पोर परत येत नाय."

एवढंच. आणि उठले. अर्धी भाकरी तशीच.

त्यांचं दुःख मला माहीत नाही असं नाही. पारूताई, केरूची मोठी बहीण. द्राक्षांच्या मळ्यात कामाला टोळीबरोबर गेली होती. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. तिकडेच ताप आला आणि तिकडेच गेली. निरोप पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं. मामांना तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून ते नाशिकला एकदाही गेलेले नाहीत. डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा पेठलाच शिबिरात करून घेतलं.

पण म्हणून रोशनीचं आयुष्य असं बांधून ठेवायचं? ती काय टोळीबरोबर चाललीय?

केरूला विचारलं, तुमचं काय? म्हणाला, "बाबा म्हणतील तसं." पुढचं मला पाठ आहे. बैल घ्यायचा तर बाबा म्हणतील तसं. कौलं बदलायची तर बाबा म्हणतील तसं. वाईट नाही माणूस. दारूला शिवत नाही, हात उगारत नाही, मी आजारी पडले तर चूल पेटवतो. पण बापापुढे तोंडाला कुलूप!

१६ एप्रिल

केरूशी बोलत नाही.

१७ एप्रिल

अजून बोलत नाही. त्याच्या लक्षातही आलेलं दिसत नाही.

२० एप्रिल

कवड्या घासायला बसलो, मी आणि रोशनी. कवडीची पाठ दगडावर पाणी टाकून घासायची, भोक पडलं की बास. मग मामा त्या लाल फडक्याच्या पट्टीवर ओवून टाकतात आणि पट्टी मुकुटाला बारीक खिळ्यांनी ठोकतात. घासण्यापर्यंत बायकांचं काम. मुखवट्याला हात लावायचा नाही. आता विचारलं तर कारण कुणालाच सांगता येत नाही.

मामांचं मन आज जरा मोकळं होतं. काम हातात असलं की माणूस बरा असतो. रोशनीने विचारलं, "आजा, आत गेल्यावर दिसतं का रे काही?"

"पायाखालचं तेवढं दिसतं. ते पन नाकाच्या भोकातून."

"मग नाचतोस कसा?"

"मी कुठं नाचतो? ती नाचती."

मग तिला सगळं सांगत बसले, जसं तिला माहीतच नाही. सात रात्रींचा बोहाडा, घराघराला सोंगं वाटून दिलेली. गणपती वरच्या आळीचा, मारुती सरपंचांच्या घराचा. शेवटच्या पहाटे देवी निघते, ती आमच्या घरची. म्हैसासुराशी लढते, त्याला पाडते. मग जरा पडद्यामागे जाते, पाणी पिते, आणि उजाडता उजाडता ओटीच्या फेरीला बाहेर येते. बाया रांगेने बसलेल्या असतात. ओटी भरायची आणि एकच मागणं मागायचं, सगळ्यांसमोर, मोठ्याने. पिसं पुढं झुकली तर हो. देवीने पाठ फिरवली तर नाही. देवी बोलत नाही. आणि आत कोण होतं ते नंतर कुणी बोलायचं नाही – त्याला विचारायचं नाही, त्याचे आभार मानायचे नाहीत. तो तिथं नव्हताच.

"पन सगळ्यांना माहीत असतं ना?" रोशनी म्हणाली.

"माहीत असंना. बोलायचं नाय."

पूर्वी मामा स्वतः देवी घ्यायचे. गुडघे धरायला लागले तसं केरूकडे दिलं. आता मामा फक्त पडद्यामागे केरूला साडी नेसवतात, मुखवटा बांधतात. पाळणूक – एकवेळ जेवण, अनवाणी राहणं – मात्र दोघंही करतात.

ओवता ओवता एक कवडी त्यांच्या हातून निसटली, रोशनीने झेलली. "डोळे चांगलं हायेत पोरीचे," म्हणाले. मग काय आठवलं कोण जाणे, खाली बघून परत ओवायला लागले.

२३ एप्रिल

डोक्यात एक आलंय. 

आत केरू असतो.

म्हणजे ओटीच्या वेळी मी देवीसमोर बसणार, सगळा पाडा, आजूबाजूचे सात-आठ पाडे बघत असणार. आणि मी मागणार – माझ्या लेकीला नाशिकला शिकायला जाऊ दे. बाप म्हणून तो घरात बोलत नाही ना? मग तिथे काय करशील रे केरू? पोटच्या पोरीला पाठ दाखवशील? सगळ्या गावासमोर?

आणि एकदा देवीने हो म्हटलं की मामांची काय बिशाद! देवीचा कौल ते मोडणार नाहीत. जीव गेला तरी मोडणार नाहीत.

दुपारभर अंगणवाडीत खिचडी ढवळत हेच चाललं होतं. खाली लागली.

२४ एप्रिल

सरुबाईला सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. शेजारीण झाली म्हणून काय, बहिणीसारखी आहे.

ती दचकलीच. "अगं बाई! देवीशी चेष्टा?"

"चेष्टा कशाची? खरं तेच मागणार."

"आत कोण हाय ते धरून मागतीस ना? मंग ते देवीला मागणं झालं का नवऱ्याला?"

 रात्री झोप लागेना. खरंच, हे कपट तर नाही ना? गेल्या साली रंगूबाईने दुसऱ्या नातवासाठी मागितलं होतं आणि देवीने पाठ फिरवली. घरी येऊन दोन दिवस रडत होती. विचारायचं नसतं तरी केरूला मी तेव्हा विचारलं होतं, का हो असं केलंत? म्हणाला, "मला काय ठाऊक." मला वाटलं थापा मारतोय. पण खरंच नसेल ठाऊक तर? आत खरंच कोणी दुसरंच असेल तर?

मग तर बरंच आहे की. बाईच आहे ती. तिला कळेल.

२५ एप्रिल

पाळणूक सुरू. केरू आणि मामा दोघंही देवळाच्या पडवीत झोपायला गेले. एक वेळचं जेवण, तेही त्यांचं तेच रांधणार. पायात चप्पल नाही, बायकोशी बोलणं नाही. मी तसंही बोलत नव्हते, त्यामुळे काही फरक नाही!

२६ एप्रिल

सरुबाईच्या पोटात एक रात्र काही राहील तर शप्पथ.

नदीवर धुणं धूत होते. केरू पलीकडच्या काठाला पाणी भरायला आलेला. बोलायचं नसतं, तरी इकडेतिकडे बघून म्हणाला, "तू काय मागनार हाईस?"

मी कपडा आपटत राहिले. "देवीला मागायचं ते देवीला सांगेन."

तो घागर तशीच धरून उभा राहिला. पाणी बाहेर सांडायला लागलं तेव्हा गेला. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा त्याची दया आली. पण थोडीच.

२७ एप्रिल

बोहाडा उभा राहिला. काल रात्री गणपती निघाला. सोंड नाचताना वाकडी झाली, पोरं हसून हसून मेली.

२९ एप्रिल

उन्हाने जीव नको झालाय. दिवसा झोप नाही, रात्रभर संबळ आणि पिपाणी. माझ्या माहेरी घोटीला असलं काही नव्हतं. तिकडे भाताच्या गाड्या आणि गिरण्यांचा धुरळा. लग्न होऊन आले त्या साली मी मुखवटे बघून घाबरले होते. तेव्हा मामाच देवी घ्यायचे. ओटी भरायला बसले, मागितलं काय, तर "मला घोटीला जाऊ दे"! सासूबाई जिवंत होत्या, त्यांनी डोक्याला हात लावला. देवीने पाठ फिरवली. सगळं गाव हसलं.

आज लिहिताना मलाही हसू आलं.

१ मे

रोशनीला सांगितलं मी काय मागणार ते. ती म्हणाली, "आई, देवी नाही म्हणाली तर?"

तर संपलं. हे मी तिला बोलले नाही. पण देवीने सगळ्यांसमोर पाठ फिरवली, तर पुन्हा हा विषय घरात काढता येणार नाही. आता निदान भांडता तरी येतंय. मग भांडणही संपेल. चिमाजी येतील, सुपारी फुटेल.

 पण आता मागे फिरणार नाही.

३ मे

दुपार. सगळं झालं. अक्षर बघा कसं येतंय!

पहाटे देवी निघाली. टेंभ्यांच्या उजेडात नव्या पिसांचा असा रंग उठला की माणसं "आई गं" म्हणाली. कवड्या पांढऱ्या शुभ्र. केरू काय नाचला! म्हैसासुराचं सोंग सरपंचांच्या भावाचं, तो चांगला धिप्पाड, पण त्याला घाम फोडला. पाडलंन् एकदाचं. बायकांनी हळदीकुंकू उधळलं. मग देवी पडद्यामागे गेली.

बराच वेळ लागला. दर सालापेक्षा जास्त. पूर्वेला तांबडं फुटलं, कोंबडे आरवून दमले. आम्ही बाया रांगेत बसलेल्या. माझ्या आधी रंगूबाई. तिने ह्या वेळी नातवाचं नाव काढलंच नाही. म्हणाली, "म्हशीला दूध राहू दे." देवी झुकली. सगळ्या हसल्या, रंगूबाई पण.

मग माझ्यासमोर आली.

ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. निम्मे तांदूळ खाली सांडले. मला वाटलं होतं मी वर बघून, डोळ्याला डोळा देऊन मागेन, केरूला दम भरल्यासारखं. पण वर बघितलं आणि कसला केरू! ते लाल तोंड, ते डोळे. मला माझं मागणंच आठवेना. मग आठवलं. मोठ्याने म्हटलं:

"माझ्या रोशनीला नाशिकला शिकायला जाऊ दे. ती परत येईल. तिला परत आण."

शेवटचं वाक्य कुठून आलं मलाच माहीत नाही. ते ठरवलेलं नव्हतं.

 संबळवाल्याचा हात थांबला. देवी हलेना. मग अर्धी वळली. पाठ फिरवतेय! रोशनी मागे उभी होती, तिचा हुंदका ऐकू आला मला. देवी तशीच अर्धी वळलेली, कितीतरी वेळ. मग परत फिरली आणि झुकली. इतकी खाली, की पिसं माझ्या कपाळाला लागली आणि कवड्या एकमेकींवर वाजल्या. लवकर वर उठेचना. संबळवाल्याने जाऊन दंडाला धरून उठवलं तेव्हा पुढे सरकली.

मी तिथेच रडले. लाज वाटली नाही.

केरू, केरू! तू केलंस!

४ मे

केरू काल सांजेला घरी आला. नदीवर अंघोळ करून, मामांबरोबर. बोलायचं नसतं, विचारायचं नसतं. पण वाढायला कोण अडवतंय? भाताबरोबर तूप वाढलं, माहेरून आलेले पापड भाजले. खाली मान घालून जेवला. लाजला असेल.

मामांना म्हटलं, "देवीनं कौल दिला बरं का मामा. आता नाय म्हणता येनार नाय." मुद्दाम त्यांच्याच बोलीत!

मामा म्हणाले, "ऐकलं मी." आणि गुडघ्याला तेल चोळत बसले.

१० मे

चिमाजी येऊन गेले. मामांनीच सांगितलं त्यांना, "देवीचा कौल झालाय. पोर शिकनार हाय. तुमी दुसरीकडं बघा." चिमाजी चिडले, चहा न पिता निघाले. इतक्या वर्षांची सोबत तुटली बहुतेक. मामा त्यांना पार मोहाच्या झाडापर्यंत पोहोचवायला गेले, लंगडत लंगडत.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट मनात म्हटलं – बघा, केरूच्या एका होकाराने तुमचा सगळा ताठा उतरला.

१७ मे

अठरा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचा अभिमान वाटतोय. लिहायला पण लाजायला होतंय. त्याच्यासाठी बाजारातून मासळी आणली. तो म्हणाला, "एवढं कशाला गं?" मी म्हटलं, "असंच." तर तोंड फिरवून गोठ्यात गेला.

४ जून

केरू आणि मी रोशनीला घेऊन नाशिकला गेलो. नाव लागलं! केरूने बाईंसमोर अंगठा न उठवता सही केली, वाकडीतिकडी का होईना. येताना पंचवटीत मिसळ खाल्ली. रोशनीने दोन पाव जास्त घेतले. केरू मात्र दिवसभर गप्पच.

१५ जून

नागलीच्या रोपांची आवणं टाकून झाली. मामांचे गुडघे फारच सुजलेत या साली. चिखलात उतरता येत नाही, बांधावर बसून नुसतं बघतात. मी म्हटलं, "अजून रुसलाय का मामा? देवीवर कुणी रुसतं का?" मामा बांधावरचं गवत उपटत राहिले.

हल्ली त्यांना टोचून बोलायची मला सवयच लागलीय. आधी कधी धाडस व्हायचं नाही. आता होतं. आणि गंमत म्हणजे ते उलटून काही बोलतच नाहीत!

३ जुलै

उद्या रोशनी जाणार. ट्रंक भरली. दोन पांढऱ्या साड्या, ताट, वाटी, तांब्या, नागलीचे पापड. मामांनी एक चांदीचं कडं आणून ट्रंकेवर ठेवलं. पारूताईचं. म्हणाले, "घालायचं नसलं तर नको घालू. जवळ ठेव." रोशनीने लगेच हातात घातलं.

४ जुलै

गेली. सगळा पाडा फाट्यावर सोडायला आला, सरुबाई रडून रडून लाल. मामा तेवढे आले नाहीत. ओट्यावरून उठलेच नाहीत. रोशनी पाया पडली तेव्हा डोक्यावर हात ठेवला, तो काढायला मात्र वेळ लावला.

निघताना राग आला मला. म्हटलं, "नात चालली, चार पावलं यायचं होतं. देवीला जे कळलं ते तुम्हाला अजून कळलेलं नाही."

केरू बाजूलाच उभा होता. त्याने माझा हात धरला, गच्च. मला वाटलं, बापाबद्दल बोललेलं आवडलं नाही.

५ जुलै

केरूने सांगितलं. सांगायचं नसतं तरी सांगितलं. म्हणाला, तू बाबांना काल बोललीस, आता मला राहवत नाय.

लढाई तो नाचला. मग पडद्यामागे पाणी प्यायला गेला आणि मुखवटा सोडला. बापाला म्हणाला, ती रोशनीचं मागनार हाय, मला हो पन जमनार नाय आन् नाय पन. मामांनी काही विचारलं नाही. साडी नेसले, "बांध" म्हणाले. केरूला वाटलं, बाबा पाठ फिरवतील, मिटेल एकदाचं. पडद्याआड उभा राहून तो त्याचीच वाट बघत होता.

सुजलेल्या गुडघ्यांनी इतकं खाली झुकले ते. मला वाटलं, देवी वर उठत का नाही.

दोन महिने मी ह्या माणसाला टोमणे मारले. माफी मागायला गेले तर आत कोण होतं ते बोलावं लागेल. ते बोलायचं नाही.

रात्री मामांना जेवायला वाढलं. "रोशनी जेवली असंल का गं?" विचारलं त्यांनी. असेल, म्हटलं. मग मी चुलीकडे तोंड करून बसले, त्यांचं जेवण होईपर्यंत.